आजीच्या पाटल्या आटवण्यापूर्वी

सोयाबीन घरात आले, कापसाच्या एकदोन वेचण्या उरकल्या, की खेड्यापाड्यांतून लग्नाची बोलणी सुरू होतात आणि बस्त्याच्या आधी सराफाकडे एक फेरी होतेच. आजचा भाव पाहता सगळे दागिने नव्याने घेणे साध्या शेतकऱ्याला झेपणारे नाही. मग ट्रंकेच्या तळचे गाठोडे सुटते. आजीच्या पाटल्या, आत्याची बोरमाळ, जोडीतली एक हरवल्यामुळे एकटी उरलेली कुडी, तुटका सर. हे सारे आटवून मुलीसाठी नवे घडवायचे ठरते. यात गैर काहीच नाही. मात्र दागिना मुशीत गेला की त्याच्याबरोबर पुरावाही मुशीत जातो. मग "सोने गेले कुठे" ही घरातली धुसफूस वर्षानुवर्षे चालते. म्हणून हिशेब आधीच समजून घेतलेला बरा.

पहिला घोळ तोळ्याचा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज पेढीवर तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. आजीच्या पाटल्या जुन्या मापाने पाच तोळ्यांच्या असतील, तर त्या ५८ ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. झिजेने थोडे कमी भरेल, ते वेगळे. तेव्हा तोळ्याची भाषा घरीच ठेवावी आणि प्रत्येक डागाचे वजन ग्रॅममध्ये, शक्य तर दोन ठिकाणी करून, वहीत उतरून घ्यावे.

दुसरे असे की, तराजूत भरते ते सगळेच सोने नसते. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा, आतून पोकळ. तो चेपू नये म्हणून त्यात लाख भरलेली असते. कापसाच्या ओलाव्याची कटती कमी करावी म्हणून आपण व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालतो. सराफाने "लाखेचे इतके वजा" म्हटले की मात्र मुकाट्याने मान डोलावतो! लाख अंदाजाने वजा करू देऊ नये. मणी तापवले की ती वितळून निघते. ती काढून, खडे-मोती असतील तर तेही उतरवून, मग पुन्हा तोलावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कसाची. शुद्ध सोने २४ कॅरटचे. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, १८ कॅरट म्हणजे ७५०, आणि १४ कॅरट म्हणजे ५८५. जुने ते सगळे बावनकशी, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे; ती खरी नाही. प्रत्येक सांध्याला डाग दिलेला असतो. हा डाग लवकर वितळावा म्हणून त्यात तांबे, चांदी अशा हलक्या धातूंची भर असते. दागिना आटला की डागातला हीणकसही त्यात मिसळतो. जितके सांधे जास्त, तितका कस खाली. शिवाय जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. अनेक सोनारांच्या शेगड्या त्या काळात विझल्या. ही अट १९६६ मध्ये उठली. पण मधल्या काळातल्या लग्नाचा दागिना निम्म्याहून थोडाच अधिक सोन्याचा निघाला, तर त्यात आजच्या सोनाराचा दोष नाही.

आता उदाहरण घेऊ. समजा लाख काढून दागिने ४० ग्रॅम भरले. आटवल्यावर लगडी ३९.२ ग्रॅमची झाली आणि तिचा कस शेकडा ८५ निघाला. म्हणजे शुद्ध सोने ३३.३२ ग्रॅम. यातून ९१६ चा दागिना करायचा तर तो ३६.३७ ग्रॅमचा होईल. घरून ४० नेले आणि ३६ आणले, तरी कोणी काही चोरले असे नाही. उलट सोनाराने "चाळीसचे चाळीस देतो" म्हटले, तर शंका घ्यावी, कारण मग नवा दागिना ९१६ चा असणार नाही किंवा फरकाचे पैसे दुसरीकडून निघतील.

म्हणून आटणी डोळ्यांदेखत करवून घ्यावी. रिकामी मूस आधी पाहावी. आटणी झाल्यावर तिच्या कडेला कण चिकटलेले नाहीत हेही पाहावे. सराफ कट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन झारेकरी पोट भरतात, यावरून या धंद्यात कणाची किंमत काय ते समजावे. पेढीवरचे क्ष-किरणांचे यंत्र वरच्या थराचाच कस सांगते. त्यामुळे तपासणी दागिन्यावर न करता लगडीवर, दोन्ही बाजूंनी करावी. मातीचा नमुना बांधावरचा घेऊन चालत नाही, तसेच हे. सरकारमान्य हॉलमार्क केंद्रातही थोडे शुल्क भरून तपासणी करता येते.

लगडीचे वजन आणि कस कागदावर आला की मगच घडणावळ बोलावी. मजुरी ग्रॅमवर की शेकड्यावर, आणि घट किती धरणार, हे दोन्ही लिहून घ्यावे. काही जण मजुरी कमी सांगतात आणि घटीत वसूल करतात. हातघडणीला मजुरी जास्त पडते, आणि ती रास्त आहे. पत्रा ठोकायचा, जंतरातून तार ओढायची, ठशात अर्धे-अर्धे मणी काढून जोडायचे, हे काम वेळखाऊ असते.

नव्या दागिन्यावर तीन खुणा पाहाव्यात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, कसाचा आकडा, आणि सहा अक्षरी-अंकी क्रमांक. हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाला. घरातल्या शिकलेल्या मुलाने 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो घातला की दागिन्याची माहिती दिसते. "केडीएम" म्हणजे कॅडमियमचा डाग. तो शुद्धतेचा शिक्का नव्हे, आणि कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो.

एक गोष्ट पुरुष मंडळींसाठी. दागिना जिचा आहे तिला विचारल्याशिवाय गाठोडे उचलू नये. स्त्रीधन हे सर्वस्वी तिच्याच मालकीचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. आणि तिला विचारताना सगळेच आटवायची गरज आहे का, हेही विचारावे. जुन्या पुतळ्यांच्या माळेचा गोफ विरला असेल, पुतळ्या धड असतील, तर सोनाराकडे न जाता पटवेकऱ्याकडे जावे. तो नवा रेशमी गोफ ओवून देतो आणि त्याची मजुरी घडणावळीच्या मानाने किरकोळ असते.