'टक्' करणारी काळी डबी

मैत्रिणींनो, गाडी चालवणाऱ्या बायका आता तालुक्याच्या गावीही पुष्कळ दिसतात. पण बॉनेट उघडायची वेळ आली की 'ते ह्यांनाच ठाऊक' म्हणून आपण बाजूला होतो. त्यातून घरची गाडी बहुधा सेकंडहँड, दहा-बारा वर्षं चाललेली. अशा गाडीत एखादी छोटीशी वस्तू मोठ्या आजाराचं सोंग घेते. त्यातलीच एक म्हणजे रिले.

रिले म्हणजे काडेपेटीहून लहान, बहुतेक वेळा काळी, चौकोनी डबी. रेडिएटरच्या पंख्याला भरपूर करंट लागतो, तो नाजूक स्विचमधून नेला तर स्विच जळून जाईल. म्हणून रिलेतल्या तारेच्या वेटोळ्याला अगदी थोडा करंट देतात. त्याचं लोहचुंबक बनतं, ते आतली पट्टी ओढतं, 'टक्' होतं आणि बॅटरीचा जोरदार करंट पंख्याला मिळतो. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबल्यावर 'खट्' होतं ना, तेच तत्त्व! वर्षानुवर्षं ठिणग्या पडून पट्टीची टोकं जळतात, ओलाव्याने पायांना गंज चढतो आणि मग पंखा फिरत नाही.

आमच्या बचत गटातल्या एक ताई पापड-मसाले घेऊन आठवडे बाजाराला जातात. मोकळ्या रस्त्यावर त्यांच्या गाडीच्या टेंपरेचरचा काटा ठीक असायचा, बाजाराच्या गर्दीत मात्र सरसर वर चढायचा. हीच खरी खूण! गाडी पळते तेव्हा वाराच रेडिएटर थंड करतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. एका गॅरेजवाल्याने न तपासताच 'पंख्याची मोटर गेली' म्हणून काही हजारांचा आकडा सांगितला. ताईंनी 'आधी फ्यूज आणि रिले बघा' म्हटल्यावर तो हसला. हे हसणं आपल्याला नवीन नाही!

मग आम्ही गाडीचं वायरिंग करणाऱ्या एका मुलाकडे गेलो. फ्यूज शाबूत होता. त्याने गाडी बंद करून पंख्याचा रिले सरळ वर ओढून काढला आणि शेजारचा हॉर्नचा रिले त्या जागी बसवला. दोन्हींवरचा नंबर आणि पायांची ठेवण सारखी होती. ती तशी नसेल तर हा प्रयोग करायचाच नाही. काटा चढल्यावर पंखा घुंईं करून सुरू झाला. पंख्याचा रिले हॉर्नच्या जागी गेला होता, तर हॉर्न मुका! काम काही शे रुपयांत आटोपलं.

नुसता 'टक्' ऐकू आला म्हणून रिले चांगला असं मात्र समजू नका. वेटोळं ठीक असून टोकं जळालेली असू शकतात. रिले बदलूनही पंखा फिरला नाही, तर त्याला बॅटरीचा थेट करंट देऊन बघायला सांगा. तरीही हलला नाही, तर मोटर गेली हे मान्य करायचं. थेट करंटवर फिरला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा गरमी ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये शोधावा लागतो.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. उकडेल खरं, पण इंजिनाची गरमी तेवढीच बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंदच करा. तसंच दामटलं तर हेड गॅस्केट जातं आणि ते बिल भलतंच मोठं असतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. बॉनेट उघडल्यावर पदर, ओढणी, वेणी सांभाळा; काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

नवा रिले आणायला जाताना जुना पर्समध्ये टाकून न्या, म्हणजे दुकानदार नंबर आणि अँपिअर जुळवून देतो. ताईंनी दोन घेतले. एक बसवला, दुसरा डॅशबोर्डच्या खणात टिकल्यांच्या पाकिटाशेजारी ठेवलाय.