खेळणारा आणि खेळ घडवणारा

मूल व्हिडिओ गेमसमोर बसले की घरातली मोठी माणसे घड्याळाकडे पाहतात. ‘किती तास झाले?’ हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा शेवटचाही. मूल कोणता गेम खेळते, त्यात नेमके काय करते, की स्वतःच एखादा गेम बनवत बसले आहे, याची चौकशी क्वचितच होते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र या प्रश्नांना तासांइतकेच महत्त्व आहे. हौशी मंडळींनी घरच्या संगणकावर बनवलेले ‘रोल-प्लेइंग गेम’ पाहिले, की हे चटकन लक्षात येते.

रोल-प्लेइंग गेम, थोडक्यात आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. खेळणारा गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, निर्णय घेतो आणि त्यांचे परिणाम भोगतो. हा प्रकार मुळात कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळला जाई. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. जपानमध्ये १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने व्हिडिओ गेममधली आरपीजी लोकप्रिय केली. पुढे १९९२ मध्ये तिथल्याच आस्की कंपनीने सामान्य माणसाला असे गेम बनवता यावेत म्हणून ‘आरपीजी त्सुकूरू’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. जपानीत ‘त्सुकुरू’ म्हणजे बनवणे. त्यात ‘टूल’ या शब्दावर केलेली कोटीही आहे. जगभर ते ‘आरपीजी मेकर’ या नावाने ओळखले जाते.

तीन गरजा आणि एक सापळा

असे गेम इतके का गुंतवून ठेवतात? रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये त्याचे उत्तर माणसाच्या तीन मूलभूत गरजांमध्ये शोधले: स्वतः निर्णय घेता येणे, आपल्याला काही जमते आहे असे वाटणे आणि इतरांशी नाते जुळणे. शाळेत नापास होणाऱ्या, मैदानावर शेवटी निवडल्या जाणाऱ्या मुलाला गेममध्ये या तिन्ही गोष्टी मिळू शकतात. त्यामुळे गेमची ओढ वाटणे हा आजार ठरत नाही.

मेंदूच्या पातळीवर पाहायचे तर, लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा एक गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे पीईटी स्कॅन केले. खेळताना मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन स्रवत असल्याचे त्यात दिसले. मात्र एवढ्यावरून ‘गेम म्हणजे अमली पदार्थ’ असा निष्कर्ष काढता येत नाही. बक्षिसाच्या अपेक्षेने काही शिकताना किंवा मन लावून काही करतानाही डोपामिनचा सहभाग असतोच.

सापळा असतो तो बक्षिसांच्या रचनेत. बक्षीस कधी मिळेल हे सांगता येत नसेल, तर प्राणी तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून माहीत आहे. पैसे भरून अनिश्चित बक्षिसाची पेटी उघडायला लावणारे गेम याच तत्त्वावर चालतात आणि त्यांना शेवटही नसतो. कथा सांगण्यासाठी बनवलेल्या हौशी आरपीजीला सहसा शेवट असतो. कॅनडातील कॅन गाओ यांचा ‘टू द मून’ (२०११) हा गेम आरपीजी मेकरमध्ये बनला. मरणासन्न वृद्धाची शेवटची इच्छा त्याच्या आठवणींत शिरून पूर्ण करणाऱ्या दोन डॉक्टरांची ही गोष्ट चार-पाच तासांत संपते. त्यात लढाया जवळपास नाहीतच.

आजार आतून दाखवणारे गेम

मोठ्या कंपनीला जे विषय परवडत नाहीत, ते हौशी निर्माते हाताळतात. झोई क्विन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केलेला ‘डिप्रेशन क्वेस्ट’ हा नुसत्या मजकुराचा गेम ट्वाइन या मोफत साधनावर बनला आहे. त्यात नैराश्य असलेल्या व्यक्तीची भूमिका घ्यायची असते. प्रत्येक प्रसंगी पर्याय समोर येतात. पण जो सगळ्यात शहाणपणाचा, तोच लाल रेघेने खोडलेला असतो. तो दिसतो, वाचता येतो, निवडता येत नाही. ‘उठ, जरा बाहेर जा, बरे वाटेल’ असा सल्ला नैराश्यात का लागू पडत नाही, हे लांबलचक व्याख्यानापेक्षा त्या खोडलेल्या ओळीतून लवकर कळते.

टोबी फॉक्स यांनी बहुतांशी एकट्याने बनवलेल्या ‘अंडरटेल’ (२०१५) मध्ये समोर येणाऱ्या कोणत्याही शत्रूला न मारता पुढे जाता येते. आरपीजीत एरवी शत्रू मारले की अनुभवाचे गुण वाढतात. इथे शेवटी कळते, की ते आकडे आपण किती जणांना दुखावले याची मोजदाद होती.

उपचारांसाठीही हा प्रकार वापरला गेला आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या सॅली मेरी आणि सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या किशोरांसाठी ‘स्पार्क्स’ ही आरपीजी तयार केली. त्यात नकारात्मक विचारांच्या किड्यांनी ग्रासलेल्या जगाचा तोल सावरायचा असतो आणि सात टप्प्यांत विचार व वर्तन बदलण्याची कौशल्ये शिकायची असतात. १२ ते १९ वयाच्या १८७ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाले. हा गेम नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी पडला नाही. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर मात्र डॉक्टरांना पर्याय नाही.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चौकटी-चौकटींची चित्रे आणि गोंडस पात्रे म्हणजे लहान मुलांचा गेम, असे नसते. ‘युमे निक्की’ किंवा ‘ओमोरी’ दिसायला निरागस आहेत. पण दोन्हींत आत्महत्येचा विषय येतो. ‘ओमोरी’ तशी सूचनाही देतो. ती वाचायला हवी.

बनवताना काय शिकायला मिळते?

गेम बनवायला घेतला, की त्याच मुलाची भूमिका बदलते. समजा, नायकाची शक्ती १०० आणि राक्षसाची १२० आहे. नायकाचा घाव १५ चा, राक्षसाचा १२ चा. पहिला वार नायकाचा. आठव्या घावाला राक्षस पडतो. तोवर नायकाने सात घाव, म्हणजे ८४ चे नुकसान सोसलेले असते. १६ शक्ती उरते आणि तो थोडक्यात वाचतो. आता राक्षसाचा घाव १२ चा १५ केला, तर सात घावांचे १०५ होतात आणि नायक मरतो. फक्त तीनने फरक पडला! हे गणित वहीत दिले असते तर कंटाळा आला असता. इथे मूल ते रात्री जेवतानाही डोक्यात घोळवते.

‘म्हातारीने किल्ली दिली का? दिली असेल तरच दार उघड,’ अशा अटी मांडता मांडता तर्कशास्त्र येते. खरी परीक्षा होते ती मित्राला गेम खेळायला दिल्यावर. निर्मात्याला ढळढळीत वाटणारा दरवाजा मित्राला दिसतच नाही. आपल्या डोक्यात आहे ते समोरच्याच्या डोक्यात नसते, हा धडा तिथे मिळतो. बनवता बनवता शिकण्याचा हा विचार सीमोर पेपर्ट यांनी १९८० मध्ये ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात मांडला. यास्मिन काफाई यांनी अमेरिकेत चौथीच्या मुलांना धाकट्यांसाठी अपूर्णांक शिकवणारे गेम बनवायला लावून तो तपासला.

अर्थात, बनवण्याचाही अतिरेक होतो. पहिल्याच गेममध्ये वीस गावे आणि शंभर पात्रे आखली जातात, जागरणे होतात आणि गेम अर्धवट राहतो. एक गाव, एक अडचण, दहा मिनिटांचा खेळ ही चांगली सुरुवात आहे. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. कोणत्याही गेमसाठी तिला कात्री लावू नये.

काळजी कधी करावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा गेमला प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तीन लक्षणे पाहिली जातात. त्यांमुळे अभ्यास, नोकरी वा नातेसंबंध लक्षणीय बिघडलेले असावेत आणि हे साधारण १२ महिने चाललेले असावे, असा निकष आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट’ हे स्वतंत्र क्लिनिक चालते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.

त्या टोकाला जाण्याआधी घरात करता येण्यासारखी गोष्ट सोपी आहे. मुलाच्या शेजारी बसावे आणि ‘हा गेम कोणी बनवला? तू बनवलास तर त्यात काय असेल?’ असे विचारावे. ज्याच्याकडे या प्रश्नाचे लांबलचक उत्तर आहे आणि जे सांगून झाल्यावर जेवायला उठते, त्या मुलाची फारशी चिंता नको. ज्याला उत्तर देण्यापुरतीही नजर पडद्यावरून हटवता येत नाही, त्याच्याकडे मात्र लक्ष द्यायला हवे.