कापसाच्या वाटेवरचा निरीक्षक

दसरा ओलांडला की सिल्लोडकडे येणाऱ्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. वर ताडपत्री, चहूबाजूंनी दोर आवळलेले, तरी कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकतातच. मका, मिरची आणि कापूस ही या तालुक्याची पिके. पुढच्या काही आठवड्यांत जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या उभ्या राहतात. पावसाळाभर गप्प पडलेली यंत्रे पुसून, तेलपाणी करून चालू होतात. ठेकेदाराने आणलेली माणसे आवाराच्या कडेला चूल मांडतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा. होळीच्या सुमाराला सरकी विकली गेलेली असते, गठाणी रवाना झालेल्या असतात आणि माणसे आपापल्या गावी परतलेली असतात.

त्या चार-पाच महिन्यांत कोणाचे बोट रोलरमध्ये गेले, कोणाच्या छातीत धूळ बसली, कोणाच्या लुगड्याचा पदर पट्ट्यात ओढला गेला, हे विचारण्याचा अधिकार कायद्याने कारखाना निरीक्षकाला दिला आहे. तो नोटीस न देता आत येऊ शकतो, यंत्र थांबवायला सांगू शकतो, कामगाराशी एकट्याने बोलू शकतो. पण तो कधी येतो आणि काय पाहायला येतो, यावर सगळे अवलंबून आहे. ज्या कामाला हंगाम आहे, त्याच्या निरीक्षणालाही हंगाम असला पाहिजे. वर्षाच्या वेळापत्रकात केव्हातरी पडणारी भेट इथे पुरत नाही. कापूस ज्या वाटेने जातो त्या वाटेने, नेमक्या महिन्यात, नेमका धोका शोधत चालणारी मोहीम हवी. हे म्हणणे नवे नाही. या देशातल्या कारखाना कायद्याचा जवळपास दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर कापसाचा हंगाम त्यात सतत निसटताना दिसतो.

चार महिन्यांची पळवाट

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांकडून दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढेच त्याचे मोठे वचन. पण ‘कारखाना’ कशाला म्हणायचे याच्या व्याख्येत दोन अटी होत्या. निदान १०० माणसे कामावर असली पाहिजेत आणि काम वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालले पाहिजे. मुंबईच्या गिरण्या या व्याख्येत बसल्या. खान्देश-वऱ्हाडातले जिन आणि प्रेस बहुतांशी बाहेर राहिले, कारण त्यांचे काम हंगामी होते.

कायदा नीट राबवता यावा म्हणून १८८२ मध्ये इंग्लंडमधले कारखाना निरीक्षक मीड किंग यांना मुंबईत आणले गेले. त्यानंतर १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला. त्याच्यापुढे खान्देशातल्या जिनांच्या कामाच्या तासांविषयी साक्षी झाल्या. हंगामात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत यंत्रे चालत आणि त्यांच्यापुढे मुख्यतः बाया बसलेल्या असत. कायद्याच्या लेखी मात्र ते कारखानेच नव्हते.

याच आयोगापुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांचे निवेदन मांडले. ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या त्या निवेदनात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार यांच्याबरोबर अपघातात जखमी झालेल्याला मदत मिळावी, हीसुद्धा मागणी होती. सत्यशोधक चळवळीत घडलेल्या, ‘दीनबंधू’ चालवणाऱ्या या माणसाला कळले होते की कामाचे तास आणि तुटलेले बोट हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. थकलेला हातच यंत्रात जातो. लोखंड्यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली.

हंगामी कारखान्यांना कायद्यात जागा मिळायला १९११ उजाडले. चार महिन्यांची पळवाट बुजायला तीस वर्षे लागली. तरीही दुजाभाव संपला नाही. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली, हंगामी कारखान्यात ६० तासांची. हंगामात जिनावर उभी राहणारी बाई जणू कमी थकते, असे त्या आकड्यांचे म्हणणे होते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ ची दुरुस्ती आणली. तिने बारमाही कारखान्यांचा आठवडा ४८ तासांवर आला, आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हंगामी आणि बारमाही हा भेदच काढून टाकला.

सिल्लोडकडे ही वाटचाल आणखी उशिरा पोचली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अजिंठ्याचा घाट उतरून पुढे गेले की खान्देश, म्हणजे इंग्रजी हद्द. कापूस हद्द ओलांडून जाई, इंग्रजी कायदा मात्र हद्दीवर थांबे.

जिनाच्या आत

आज जिनमध्ये बहुतेक ठिकाणी डबल रोलर यंत्रे असतात. रोलर फिरतो, त्याला टेकून एक स्थिर पाते असते आणि दुसरे पाते खालीवर आपटत राहते. रुई रोलरबरोबर पुढे जाते, सरकी खाली पडते. कापूस ओला असला किंवा एकदम जास्त पडला की यंत्र जाम होते. तेवढ्यासाठी यंत्र बंद कोण करणार? हात आत जातो. जिनमधल्या अपघातांचे मूळ बहुधा या एका क्षणात असते.

१९४८ च्या कायद्यात याच कामासाठी लिहिलेले एक कलम होते. कलम २७ सांगत होते की कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू आहे, तिथे स्त्रिया आणि मुलांना कामावर ठेवू नये. यंत्राची कापूस घालण्याची बाजू आणि कापूस बाहेर पडण्याची बाजू यांच्यामध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षक सांगेल तेवढी उंच भिंत असेल, तरच घालण्याच्या बाजूला त्यांना काम देता येई. हे कलम कोणी ऑफिसात बसून कल्पनेने लिहिलेले नव्हते. जिथे साडी, केस आणि लहान हात यंत्रात ओढले गेले, तिथून ते आले होते. फिरत्या भागांना जाळी हवी हे कलम २१ सांगत होते आणि धूळ उगमापाशीच ओढून घ्यावी हे कलम १४.

आगीचा धोका वेगळा. कापसात आलेला खडा किंवा खिळा पोलादी भागावर घासला की ठिणगी पडते आणि रुईत आग आतल्या आत धुमसत राहते. १७० किलोची गठाण बाहेरून थंड लागते, आत निखारा असतो. उंच रचलेल्या गठाणी कोसळण्याचे भय आहे ते निराळेच.

२००० मध्ये केंद्राने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले. त्यातून अनेक जिनांचे आधुनिकीकरण झाले. डोक्यावरच्या टोपल्यांची जागा वाहक पट्ट्यांनी घेतली. रुईतला कचरा कमी झाला, भाव सुधारला. पट्टा आला तसा पट्ट्यात अडकण्याचा धोकाही आला. ओझे कमी झाले तरी डोळ्यात तेल घालून पाहण्याची गरज कमी झालेली नाही.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस

यंत्राची जाळी काढून टाकलेली असेल तर निरीक्षकाला दारातूनच दिसते. छाती दिसत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, दम लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. इंग्लंडच्या गिरण्यांत म्हणूनच याला सोमवारचा ताप म्हणत. कापसाच्या बोंडाभोवतीच्या पानांच्या चुऱ्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचे विष याच्या मुळाशी असते, असे मानले जाते. वर्षे गेली की पहिल्या दिवसाचा त्रास रोजचा होतो आणि फुप्फुसाचे झालेले नुकसान भरून निघत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा आजार होता. म्हणजे भरपाईचा हक्क जुना आहे. पण चार महिने एका जिनात, मग शेतात, मग ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाने हा आजार कोणत्या मालकाकडून आला हे सिद्ध कसे करायचे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कामामुळे दरवर्षी जगात सुमारे २९ लाख माणसे मरतात. त्यांतले सुमारे २६ लाख मृत्यू आजारांचे असतात, साधारण ३ लाख ३० हजार अपघातांचे. केवळ अपघात मोजणारे निरीक्षण म्हणूनच प्रश्नाचा लहानसा तुकडा पाहते.

बांधावर कोणी नाही

जिनाच्या दारात येणारा कापूस त्याआधी चार महिने शेतात असतो. तिथे फवारणी होते. आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात, फवारणे म्हणजे ‘औषध मारणे’. या एका शब्दाने धोक्याची धारच बोथट होते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती, अंगावर साधा सदरा होता. पाठीवरच्या पंपातून उडालेला फवारा खाली पडण्याऐवजी तोंडावर येत होता.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्यांसाठी संरक्षक कपडे आणि वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण या कायद्याखालचा निरीक्षक प्रामुख्याने दुकानातल्या मालाचा दर्जा तपासतो. बांधावरचा मजूर कोणी तपासत नाही. भारताने कामगार निरीक्षणाचा ८१ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार १९४९ मध्येच मान्य केला. तो उद्योग आणि व्यापाराबद्दल आहे. शेतीतल्या कामगार निरीक्षणाचा १२९ क्रमांकाचा करार १९६९ मध्ये झाला, तो आपण अजून मान्य केलेला नाही. १८८१ मध्ये चार महिन्यांचा जिन कायद्याच्या बाहेर राहिला, आज त्याच कापसाचे शेत बाहेर आहे.

मोहीम म्हणजे काय

मोहिमेत सगळे नियम एकदम तपासायचे नसतात. एक धोका निवडायचा, एक भाग निवडायचा, आधी सगळ्यांना सांगायचे की आम्ही काय पाहणार आहोत, मग जायचे, मग पुन्हा जायचे. युरोपीय देशांच्या कामगार निरीक्षकांनी २००७-०८ मध्ये हाताने ओझी उचलण्याच्या एकाच प्रश्नावर अशी मोहीम चालवली. आधी माहिती, मग तपासणी. आपल्याकडेही हा विचार परका नाही. महाराष्ट्रात हमालांच्या चळवळीने शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध असाच एकाच प्रश्नाचा आग्रह धरला आणि पन्नास किलोचे पोते मागितले. १९६९ चा माथाडी कायदा हेही हमालांच्या लढ्याचेच फळ.

निरीक्षणाने खरोखर फरक पडतो का? २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियात सोडत काढून ज्या कारखान्यांची तपासणी झाली, तिथे पुढे जखमा ९.४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि जखमांवरचा खर्च २६ टक्क्यांनी. नोकऱ्या किंवा धंदा घटल्याचे दिसले नाही. तपासणीने धंदा बुडतो असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

‘इन्स्पेक्टर राज’ची तक्रारही कानाआड करता येणार नाही. लाच मागणारा निरीक्षक कामगाराचाही शत्रूच, कारण त्याच्या खिशात गेलेला पैसा जाळी बसवायला उरत नाही. त्यावरचा उपाय निरीक्षण बंद करणे हा नाही. काय तपासणार याची यादी आधीच जाहीर करावी, कोणाकडे जायचे ते सोडतीने ठरावे आणि निष्कर्ष सगळ्यांना वाचता यावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत निरीक्षक हा सुविधाकारही झाला आहे आणि भेटी संगणकी सोडतीने ठरवण्याची सोय आहे. सल्ला द्यायला हरकत नाही. पण ८१ क्रमांकाच्या करारात आपण निरीक्षकाला दिवसा-रात्री, पूर्वसूचनेशिवाय आत येण्याचा हक्क आणि तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी मान्य केली आहे. ते गमावून चालणार नाही. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १९४८ च्या कायद्यातली १० कामगारांची मर्यादा संहितेत २० झाली आहे, म्हणून लहान जिनांकडे जास्तच लक्ष हवे.

सिल्लोडपुरती मागणी

मग सिल्लोड तालुक्यात काय व्हावे? श्रावणात कृषी खात्याने दुकानांबरोबर बांधावरही जावे. त्रिकोणाचे रंग ग्रामसभेत दाखवावेत. औषधे एकत्र कालवू नयेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तोंड करून फवारू नये, हे सांगावे. रुग्णालयात अ‍ॅट्रोपीन या उताऱ्याचा साठा आणि विषबाधा ओळखणारी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी हंगामाआधी तयार असावी.

दसऱ्याच्या आधी, जिन चालू होण्यापूर्वी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या माणसांनी प्रत्येक आवारात एकदा यावे. जाळ्या, यंत्र तात्काळ बंद करण्याची बटणे, भिंत, पाण्याच्या टाक्या आणि वाळूच्या बादल्या पाहून घ्याव्यात. हंगाम भरात असताना, शक्य तर रात्रपाळीला, न सांगता पुन्हा यावे. यंत्र बंद केल्याशिवाय जाम काढायचा नाही, हे एकच वाक्य प्रत्येक यंत्राजवळ मराठी आणि हिंदीत लिहिलेले असावे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, कामाआधी आणि कामानंतर, साध्या फुंकयंत्राने श्वास मोजावा. दोन आकड्यांतला फरक छातीची गोष्ट सांगतो. तो आकडा कार्डावर लिहून माणसाच्या हातात द्यावा, म्हणजे पुढच्या हंगामात तो दुसऱ्या जिनात गेला तरी पुरावा त्याच्याजवळ राहील. ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करू न देणारी प्रत्येक जखम कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ठेकेदाराने जखमी माणसाला गावी पाठवून दिले तरी ती नोंद झालीच पाहिजे.

यातली बहुतेक कामे करण्याचे अधिकार आजच्या कायद्यांत आहेत. लागतो तो महिन्यांचा हिशेब, आणि तो सिल्लोडच्या कोणत्याही शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. लागवड कधी, फवारणी कधी, वेचणी कधी, जिन कधी. खात्यांनी आपले वेळापत्रक त्याच्या शेजारी ठेवावे. बाभळीवर कापूस अडकायला लागतो त्या आठवड्यात जिनाच्या दारात निरीक्षकाची गाडी उभी असेल, तर १९११ मध्ये बुजवलेली पळवाट सिल्लोडमध्ये खरोखर बुजेल.