हाडें झिजतात कीं भरतात?

नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या रस्त्यावर वाडी हें गांव आहे. मालवाहू मोटारींच्या रांगा आणि मोठमोठीं गोदामें हें तेथील नित्याचें दृश्य. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील तेथें हमालीचें काम करतात. एके दिवशीं त्यानें विचारिलें, "सर, मोटारीचा टायर धांवून धांवून झिजतो. मग रोज पोतीं वाहून बाबांचीं हाडें झिजत नसतील का?" प्रश्न मायेचा होता, तसाच शास्त्राचाही होता. त्याचें उत्तर सर्वच विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगाचें असल्यामुळें येथें देत आहें.

हाड म्हणजे निर्जीव खांब, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. हाड जिवंत असून त्यांत तीन प्रकारच्या पेशींचें काम रात्रंदिवस चालू असतें. पहिल्या, जुनें हाड पोखरून काढणाऱ्या अस्थिभक्षक पेशी. दुसऱ्या, नवें हाड रचणाऱ्या अस्थिजनक पेशी. ह्या जणूं गवंडी होत. ह्या गवंड्यांपैकीं कांहीं आपणच बांधलेल्या भिंतींत अडकून राहतात व तेथें त्यांच्या अस्थिपेशी बनतात. हा तिसरा प्रकार. हाडांतील शेंकडा नव्वदांहून अधिक पेशी ह्याच असतात, आणि हाडाचे खरे पहारेकरी त्याच होत.

हा पहारा कसा चालतो तें पाहूं. आपण धांवतों किंवा उडी मारतों तेव्हां पायाचें हाड किंचित् दबतें व वांकतें. हा फरक हजारांत एक-दोन भागांचा, म्हणजे डोळ्यांस न दिसणारा असतो. परंतु हाडांत केसाहूनही बारीक नलिकांचें जाळें असून त्यांत द्रव भरलेला असतो. ओला स्पंज दाबला म्हणजे पाणी सरकतें, तसा हा द्रव सरकतो; आणि नलिकांतून आपले तंतू पसरून बसलेल्या अस्थिपेशींना तो प्रवाह जाणवतो. एरव्हीं ह्या पेशी स्क्लेरोस्टिन नांवाचें द्रव्य सोडून गवंड्यांना आवरून धरीत असतात. ताण जाणवला कीं तें द्रव्य कमी होतें, गवंडी मोकळे होतात, आणि जेथें ताण अधिक पडला तेथें नवें हाड रचलें जातें. टायर धांवल्यानें झिजतो, हाड धांवल्यानें भरतें, तें ह्यामुळें.

हाडाची घडण त्याच्या कामाप्रमाणें बदलते, हा नियम बर्लिनचे शस्त्रवैद्य युलिउस वोल्फ यांनीं १८९२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. पुढें त्यास पुरावे मिळत गेले. १९७७ सालच्या एका पाहणींत व्यवसायी टेनिसपटूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या दंडापेक्षां पुरुषांत सुमारें शेंकडा ३५ व स्त्रियांत सुमारें शेंकडा २८ जाड आढळली. उलट अंतराळांत शरीराचा भार जाणवत नाहीं. तेथें अंतराळवीरांच्या खुब्याचें हाड दर महिन्यास शेंकडा एक ते दीड इतकें विरळ होत जातें.

मात्र नुसतें ओझें पुरत नाहीं. भार पडावा, उठावा, पुन्हां पडावा, तेव्हांच द्रव हालतो. शिवाय संख्याही फार लागत नाहीं. रूबिन व लॅनियन या संशोधकांनीं १९८४ सालीं पक्ष्याच्या पंखांतील हाडावर प्रयोग केला. दिवसास चार वेळां भार दिला असतां हाड टिकून राहिलें. छत्तीस वेळां दिला असतां तें वाढलें. परंतु अठराशें वेळां दिला तरी वाढ त्याहून अधिक झाली नाहीं.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास उत्तर असें : वडिलांचीं हाडें टायरासारखीं झिजत नाहींत. पण एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. पोखरलेली जागा भरून काढण्यास हाडास महिने लागतात. विसाव्यावांचून भार पडत राहिला तर त्यास बारीक चिरा पडतात. लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पावलांचें असें दुखणें १८५५ सालींच वर्णिलेलें आहे. आणि मणक्यांमधील गाद्यांना व सांध्यांतील कूर्चेला हाडासारखी आपली डागडुजी करतां येत नाहीं. म्हणून पोत्याचें वजन बेताचें असणें व मध्यें विसावा मिळणें ही हमालावर मेहेरबानी नव्हे. ती त्याच्या शरीराची गरज आहे. हें ऐकून तो म्हणाला, "म्हणजे हाडांपेक्षां कंबरेचीच काळजी अधिक." त्यानें बरोबर ओळखलें.

आतां विद्यार्थिमित्रहो, तुमच्याविषयीं. हाडांची पुंजी बहुतेक तारुण्यापर्यंतच जमते. पुढें ती जपावयाची असते. फिनलंडांतील टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांची पाहणी १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. वयांत येण्यापूर्वीं किंवा त्या सुमारास ज्यांनीं खेळ सुरू केला, त्यांच्या हाडांस उशिरां सुरू करणाऱ्यांपेक्षां दुपटीपासून चौपटीपर्यंत अधिक लाभ झालेला दिसला. "मुलगी मोठी झाली, आतां उड्या पुरे," असें म्हणणाऱ्या आईबापांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. आपले खोखो, लंगडी, हुतूतू, दोरीवरच्या उड्या ह्या सर्वांत भार पडतो, उठतो, दिशा बदलतो व मध्यें विसावाही मिळतो. हाडांस हवें तें सारें ह्या खेळांत बिनखर्चानें मिळतें. त्यांस जोड द्यावी ती दूध, तीळ, नाचणी यांतील कॅल्शियमची आणि अंगावरील उन्हाची.

म्हणून रोज थोडा वेळ तरी मैदानावर जा. आज लंगडी घालणाऱ्या मुलीच्या पायांत उद्यांच्या आजीचीं हाडें घडत असतात.