नऊ मार्कांचा अर्थ

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला अकरावीचा मुलगा न सांगता गोठ्यात वैरण टाकायला जाऊ लागला, जेवताना मान वर करीनासा झाला, की समजावे, पहिल्या चाचणीत काहीतरी बिनसले आहे. माझ्या पुतण्याचे असेच झाले होते. दहावीला गावच्या शाळेत पहिला. सरपंचांच्या हस्ते नारळ आणि शाल. आणि चारच महिन्यांनी शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्रात पन्नासपैकी नऊ. पेपर परत देताना सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितले, "डॉक्टरकीचे खूळ सोड बाबा, हा तुझा घास नाही." पोराने ही गोष्ट आम्हाला सहा महिने कळू दिली नाही. पुढे त्याने शास्त्र शाखाच सोडली. आज त्याचे बरे चालले आहे, तक्रार करायला जागा नाही. पण त्या नऊ मार्कांचा अर्थ काय होता, हे आम्हा घरच्यांना तेव्हा उमगले नाही. सरांनी सांगितला तोच अर्थ आम्ही खरा मानला.

याच नऊ मार्कांचा दुसराच अर्थ लावणारे एक विद्यापीठ अमेरिकेत आहे. त्याची हकीगत शेतकरी आईबापांनी ऐकण्यासारखी आहे, म्हणून सांगतो.

आधी तिकडची रीत समजून घेऊ. आपल्याकडे बारावी झाली, नीटची परीक्षा दिली, नंबर लागला, की मुलगा थेट एमबीबीएसला जातो. अमेरिकेत तसे नाही. तिथे बारावीनंतर आधी चार वर्षांची साधी पदवी घ्यावी लागते. पदवी कोणत्याही विषयाची चालते, पण त्या चार वर्षांत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, गणित असे ठरावीक विषय प्रयोगशाळेसह पुरे करावे लागतात. या तयारीला ते 'प्री-मेडिकल' म्हणतात. मग एमकॅट नावाची दिवसभराची प्रवेश परीक्षा, मग अर्ज, मुलाखती, आणि त्यातून निवड झाली तर वैद्यकीय महाविद्यालयाची आणखी चार वर्षे. दातांचा डॉक्टर, औषधशास्त्रज्ञ, एवढेच काय गुरांचा डॉक्टर व्हायचे तरी अशीच आधीची तयारी लागते.

आता या वाटेवर पहिला खड्डा येतो तो पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचा. पुष्कळ कॉलेजांत हा विषय विरळणीसाठीच असल्यासारखा शिकवला जातो. दाट पेरलेल्या पिकातली रोपे उपटावीत तशी वर्गातली पोरे कमी होत जातात. आणि उपटली जातात ती कोणती? ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळा धड नव्हती, ज्यांच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, ती आधी.

मी म्हणतो ते झेवियर विद्यापीठ लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात आहे. मिसिसिपी ही अफाट नदी समुद्राला मिळण्याआधी या शहरातून जाते. आसपासच्या मुलखात ऊस होतो. एकेकाळी हा ऊस आणि कापूस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर पिकत असे. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक तिकडच्या ज्या लोकांना अर्पण केले, ते हे गुलामांना मुक्त करणारे लोक. पण मुक्ती मिळाली तरी शाळा, दवाखाने, रेल्वेचे डबे सगळे वेगळेच राहिले. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजात पाऊल ठेवता येत नसे.

अशा काळात फिलाडेल्फियातल्या एका बड्या बँकवाल्याची लेक, कॅथरिन ड्रेक्सेल, संन्यासिनी झाली. वडिलांकडून आलेली अमाप दौलत तिने काळ्या आणि मूळच्या रेड इंडियन लोकांच्या शाळांसाठी खर्च केली. न्यू ऑर्लिन्समध्ये तिने १९१५ साली शाळा काढली, १९२५ साली तिचे कॉलेज झाले आणि १९२७ साली औषधशास्त्राचे महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टरकीचे महाविद्यालय मात्र नव्हते. त्यालाही कारण होते. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करून अहवाल दिला. त्या अहवालाने पुष्कळ रद्दी महाविद्यालये बंद झाली, हे चांगलेच झाले. पण काळ्यांची जी सात होती त्यांतली दोनच चालू ठेवावीत असा त्यांचा निवाडा होता, आणि पुढे दोनच उरली. न्यू ऑर्लिन्समधले फ्लिंट महाविद्यालय १९११ साली बंद पडले. सबंध देशातल्या बहुतेक काळ्या मुलांना डॉक्टर व्हायला दोनच दारे राहिली, आणि ही स्थिती काही दशके टिकली. त्याचे परिणाम अजून दिसतात. अमेरिकेत शंभरांत तेरा माणसे काळी आहेत, पण शंभर डॉक्टरांत काळे पाच-सहाच.

१९६८ साली झेवियरचे प्रमुख म्हणून नॉर्मन फ्रान्सिस यांची निवड झाली. लुईझियानातल्याच लाफायेट गावच्या न्हाव्याचा हा मुलगा. स्वतः झेवियरमध्येच शिकलेला, पुढे वकील झालेला. या गृहस्थांनी २०१५ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे ही संस्था चालवली. विद्यापीठाच्या शास्त्र विभागाच्या इमारतीला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या सुरुवातीच्या काळातच जे. डब्ल्यू. कारमायकेल नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक तिथे आले आणि पुढे डॉक्टरकीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे सल्लागार झाले. तेव्हा झेवियरमधून वैद्यकीय महाविद्यालयात जाणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

कारमायकेल आणि त्यांच्या सोबतच्या प्राध्यापकांनी पाहिले, की मुले बुद्धीने कमी नाहीत. त्यांना खाचा आहेत. कोणाला अपूर्णांक नीट येत नाहीत, कोणाला लांब वाक्य वाचून त्यातला प्रश्न काय हे उमगत नाही, कोणाला प्रश्न विचारायची लाज वाटते. शेतात उगवण विरळ झाली तर शहाणा शेतकरी सगळे रान मोडत नाही, नांगे भरतो. यांनीही नांगे भरायचे ठरवले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती प्राध्यापकांच्या बाबतीत, आणि मला ती सगळ्यांत धाडसाची वाटते. पहिल्या वर्षाच्या वर्गांना कोण कसे शिकवतो हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर ठेवायचे नाही असे ठरले. सर्वांनी मिळून एकच कार्यपुस्तिका लिहायची आणि कोणत्याही वर्गात बसलेल्या मुलाने तेच शिकायचे. या आठवड्यात तुला काय-काय करता आले पाहिजे, हे साध्या भाषेत मुलाच्या हातात आधीच लिहून द्यायचे. प्राध्यापक मंडळींना असे एका जुवाला जुंपणे किती अवघड असते, हे ज्याने एखादी संस्था चालवली आहे त्याला विचारा.

दुसरी गोष्ट, वारंवार छोट्या चाचण्या. सहामाहीची वाट पाहायची नाही. रसायनशास्त्राच्या तासाशिवाय आठवड्याला सरावाचा वेगळा तास असतो, त्याला तिथे 'ड्रिल' म्हणतात. त्यात चाचणी होते. मुलगा घसरू लागला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ते कागदावर दिसते. मग त्याला बोलावणे जाते, आणि शिकवणीच्या खोलीत बसायला लावतात. या खोल्या जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित अशा विषयवार आहेत. तिथे शिकवतात कोण, तर बहुधा वरच्या वर्गातलीच मुले, जी वर्ष-दोन वर्षांपूर्वी त्याच बाकावर बसली होती. त्यांना खाच कुठे पडते हे ठाऊक असते. आणि तिथे जाणे हा कमीपणा मानत नाहीत, कारण हुशार मुलेही तिथेच बसलेली असतात.

तिसरी गोष्ट उन्हाळ्यातली. कॉलेज सुरू होण्याआधीच शाळेतल्या मुलांना बोलावून काही आठवडे विचार करायला शिकवायचे. पाठांतर नव्हे. आर्थर व्हिम्बी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक पद्धत ते वापरत आले. ती इतकी सोपी आहे की ओसरीवर बसून करता येईल. दोन मुले समोरासमोर बसतात. एक जण गणित मोठ्याने वाचतो आणि सोडवताना मनात येईल ते सगळे मोठ्याने बोलतो. दुसऱ्याने उत्तर सांगायचे नाही; फक्त कान देऊन ऐकायचे आणि पायरी गळली की अडवायचे, "हे कशावरून?"

समजा गणित असे आहे : दोन लिटर पाण्यात शेकडा पाच औषध आहे, ते शेकडा दोन करायचे तर आणखी पाणी किती घालावे? पहिला मुलगा घाईने म्हणतो, "पाचातून दोन गेले तीन, तीन लिटर." उत्तर बरोबर आहे. पण ऐकणारा विचारतो, "कशावरून? दोनऐवजी चार लिटर असते तर?" मग बोलणारा अडखळतो, मागे जातो. दोन लिटरमध्ये औषध शंभर मिलिलिटर. ते शेकडा दोन व्हायला एकूण पाच लिटर पाहिजे. म्हणून तीन लिटर घालायचे. आणि चार लिटर असते तर सहा घालावे लागले असते. ही उकल सापडली की मुलाला कळते, मघाचे उत्तर नशिबाने जुळले होते. फवारणीचे औषध रोज कालवणाऱ्या घरातल्या पोराला हे गणित अवघड नाही. त्याला ते मोठ्याने बोलायची कोणी संधीच देत नाही.

चौथी गोष्ट, आपसांत चढाओढ नको. डॉक्टरकीच्या मागे लागलेल्या मुलांत वही लपवणे, चुकीचे सांगणे हे प्रकार सगळीकडे चालतात. झेवियरमध्ये पहिल्या दिवसापासून सांगतात, गटाने अभ्यास करा, एकमेकांना ओढून वर न्या. अर्ज भरणे, शिफारसपत्रे गोळा करणे, मुलाखतीची तालीम, याचीही जबाबदारी सल्लागारांचे कार्यालय घेते. ज्याच्या घरात कोणी फॉर्म भरलेला नाही, त्याचे अर्धे नुकसान तारीख चुकण्यानेच होते, हे आपण जाणतोच.

परिणाम असा झाला, की सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांचे हे लहानसे विद्यापीठ १९९० च्या दशकात देशात पुढे निघून गेले. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडणारी सर्वांत जास्त काळी मुले आपली पहिली पदवी झेवियरमधून घेऊ लागली. हार्वर्डसारख्या गडगंज विद्यापीठांना हे साधले नव्हते.

सगळेच गोड आहे असे नाही. तिथेही डॉक्टर व्हायचे म्हणून आलेली पुष्कळ मुले वाटेत दुसरीकडे वळतात. खासगी विद्यापीठ असल्याने फी जबर, आणि कर्ज डोक्यावर घेऊन शिकावे लागते. आठवड्याला चाचण्या म्हणजे जीव मेटाकुटीला येतो, तो वेगळाच.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आले, बांध फुटले आणि शहर बुडाले. झेवियरच्या इमारतींत पाणी शिरले, काही शे विद्यार्थी आणि कर्मचारी अडकून पडले. पुराने घर गेलेल्या माणसाला पुढचे सांगायला नको. पण जानेवारी २००६ मध्ये वर्ग पुन्हा सुरू झाले आणि चारांतली तीन मुले परत आली.

या विद्यापीठाची एक विद्यार्थिनी रेजिना बेंजामिन. अलाबामा राज्यातल्या किनाऱ्यावरची, गरीब घरची मुलगी. कॉलेजात जाईपर्यंत तिने काळा डॉक्टर पाहिलाच नव्हता. झेवियरमधून ती १९७९ साली रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि पुढे डॉक्टर झाली. डॉक्टरांची वाण असलेल्या भागात काही वर्षे काम करायचे, या अटीवर सरकारने तिच्या शिक्षणाचा भार उचलला होता. आपल्याकडच्या बंधपत्रासारखेच ते. तिने बायू ला बात्रे नावाच्या कोळंबी धरणाऱ्यांच्या खेड्यात १९९० साली दवाखाना काढला. रोग्याकडे पैसे नसले तर तो मासळी आणून द्यायचा. १९९८ च्या वादळाने दवाखाना नेला. पुन्हा बांधला, तो कतरिनाने नेला. घर गहाण टाकून तिसऱ्यांदा उभा केला, तो उघडायच्या आदल्या दिवशी आगीत गेला. तेव्हा एका म्हातारीने तिच्या हातात पाकीट ठेवले. दवाखाना पुन्हा बांधायला म्हणून त्यात सात डॉलर होते. तो पुन्हा बांधला गेला. २००९ ते २०१३ या काळात याच बाई अमेरिकेच्या सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत देशाच्या प्रमुख डॉक्टर होत्या.

आणि २०२४ साली झेवियरने ओक्सनर या तिथल्या मोठ्या रुग्णालय-संस्थेबरोबर स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचा करार केला. फ्लिंट बंद पडल्याला तेव्हा एकशे तेरा वर्षे झाली होती.

माझ्या त्या पुतण्याची मुलगी यंदा अकरावीला शास्त्र शाखेत गेली आहे. प्रवेश घेताना आम्ही फीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारल्या : चाचणी किती दिवसांनी होते, मागे पडलेल्या मुलाला कोण बोलावते, आणि शंका विचारायला बसायची जागा कुठे आहे. कारकुनाने वर पाहिले आणि आम्हाला आत प्राध्यापकांकडे पाठवले. पहिल्या चाचणीचा पेपर जसा असेल तसा घरी दाखवायचा, एवढे तिच्याशी ठरवून ठेवले आहे. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो, तेव्हा तिचा बाप ओसरीवर बसून एकच प्रश्न विचारतो, "कशावरून?"