टाकसाळीची चूक की कोणाची करामत?

पाच रुपयांचे नाणे, त्यावर वैष्णोदेवी आणि खाली किंमत काही लाख रुपये. अशा जाहिराती गेली काही वर्षे मोबाइलवर फिरत आहेत. नाणे खरेच आहे. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२मध्ये पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. पण त्यात चूक काहीच नाही आणि लाखोंची किंमत यावी अशी दुर्मिळताही नाही. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून 'कर' नि 'कमिशन' उकळले जाऊ लागले, तेव्हा ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला निवेदन काढून सांगावे लागले की, असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही.

ही झाली उघड फसवणूक. 'एरर कॉइन'चा बाजार मात्र त्याहून अवघड आहे, कारण तिथे खरा मालही असतो. टाकसाळीत चुका होतात, त्या तपासणीतून निसटतात आणि संग्राहक त्यांना चांगले पैसे मोजतात. विकणारा दरवेळी लबाड असतो असेही नाही. पुष्कळदा त्यालाच फरक कळलेला नसतो. तो कळायचा तर नाणे कसे पाडतात हे ठाऊक हवे.

धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड उठवतात, भट्टीत तापवून त्या नरम करतात आणि शेवटी 'कॉलर' नावाच्या कड्यात ठेवून वरच्या-खालच्या दोन ठशांमध्ये दाबतात. मिनिटाला शेकडो नाणी पडतात. प्रत्येक पायरीवर ठरावीक प्रकारचीच चूक होऊ शकते, आणि ती ठरावीक खुणा ठेवून जाते.

कड तुटलेल्या नाण्याचेच पाहा. पट्टीला आधीच पडलेल्या भोकावर पंच पुन्हा पडला की चकतीतून चंद्रकोरीएवढा तुकडा कमी होतो. कानस घेऊन असे नाणे घरीही करता येईल, असे वाटते. पण खऱ्या नाण्यात त्या खाचेच्या बरोबर समोरची कडही बसकी, फिकी असते. कड उठवणाऱ्या यंत्रात एका बाजूला धातूच नसल्याने समोरच्या बाजूलाही पुरता दाब मिळत नाही. जाणकार याला 'ब्लेकस्ली परिणाम' म्हणतात. कानस चालवणाऱ्याला समोरच्या कडेचे भान सहसा राहत नाही.

'मिंट मार्क गायब' हा तर ऑनलाइन विक्रीतला लाडका मथळा. मुंबई टाकसाळीच्या नाण्यावर वर्षाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असते, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते, आणि तोच तिथला नियम आहे! त्यामुळे ही 'चूक' घराघरांतल्या डब्यांत पडून असते. उलट, १९८५च्या काही एक रुपयांवर इंग्रजी 'एच' दिसतो. तोही चुकून आलेला नाही. ती नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीत पाडून घेतलेली होती. दहा रुपयांच्या नाण्यावर रुपयाचे चिन्ह आहे की नाही, किरण दहा की पंधरा, यावरूनही बराच गोंधळ झाला. जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, तोवर निघालेल्या सर्व १४ नक्षी वैध आहेत. नक्षी बदलणे वेगळे आणि चूक होणे वेगळे.

दहा रुपयांच्याच नाण्यावर एक करामत फार चालते. मधली चकती दाबून बाहेर काढायची, थोडी फिरवून परत बसवायची. सिंहमुद्रा तिरकी दिसते, बाहेरच्या कड्यावरची 'भारत' ही अक्षरे सरळ राहतात, आणि नाणे 'अतिदुर्मिळ' होते. टाकसाळीत कडे आणि चकती आधी एकत्र बसवतात, मग दोन्हींवर एकाच दाबात ठसा उमटतो. म्हणजे मधले चित्र बाहेरच्या अक्षरांच्या संदर्भात फिरणे शक्यच नाही. चकती मधोमध न बसणे, किंवा ती अजिबातच नसणे, या चुका मात्र होऊ शकतात.

खऱ्या चुकांमधली डोळ्यात भरणारी म्हणजे उलटे, खोलगट चित्र असलेले नाणे. आपल्याकडचे व्यापारी त्याला 'लाखी' म्हणतात. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचा ठसा उमटतो: आरशातल्यासारखा आणि आत गेलेला. दोन नाणी पकडीत आवळूनही असे काहीतरी साधते. पण मग त्या बाजूचे मूळ चित्र खाली चेपलेले शिल्लक राहते आणि पाठही सपाट होते. खऱ्या 'लाखी'त पाठीचे चित्र ठसठशीत असते, आणि उलट्या चित्राखाली दुसरे काही सापडत नाही.

दुहेरी अक्षरांबाबतही अशीच गल्लत होते. ठसा तयार होतानाच त्यावर चित्र दोनदा उमटले, तर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण येते. अमेरिकेचा १९५५चा एक सेंट याचे गाजलेले उदाहरण. त्यावरची अक्षरे आणि वर्ष साध्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. ऑनलाइन 'डबल डाय' म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा दाब देताना ठसा किंचित घसरल्याने आलेले सपाट, पायरीसारखे दुहेरीपण असते. त्याला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत. नाण्यावरच्या रेघेचा उलगडा त्याहून सोपा: ठशाला तडा गेला असेल, तर त्या भेगेत धातू शिरून नाण्यावर उठलेली रेघ येते. रेघ आत गेलेली असेल, तर तो ओरखडा.

वजनकाटा आणि चुंबक फार उपयोगी पडतात. २०११च्या मालिकेत एक रुपया ३.७९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटर, दोन रुपये ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर, दोन्ही चुंबकाला चिकटणारे पोलादी. पाच रुपये ६ ग्रॅम, निकेल-पितळेचे. दोन रुपयांचे चित्र एक रुपयाच्या चकतीवर पडले म्हणणाऱ्याने ३.७९ ग्रॅम दाखवायला हवेत, आणि कडेची नक्षी कापलेली दिसायला हवी. पितळी नाणे आम्लात बुडवले की वरचे जस्त निघून ते तांबूस दिसते. 'चुकीच्या धातूचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा नाण्याचे वजन जवळपास नेहमीइतकेच भरते.

महाराष्ट्रातल्या खरेदीदाराला शिवराईबद्दल वेगळे सांगायला हवे. हातोड्याने पाडलेल्या या तांब्याच्या नाण्यांत ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही पूर्ण अक्षरे क्वचितच एका नाण्यावर मावत. अक्षरांची वळणेही ठशागणिक बदलत. त्यामुळे 'ऑफ-सेंटर शिवराई' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला हात जोडून पुढे जावे. तिथे मोल पूर्ण, स्पष्ट मजकुराला आहे.

खरी चूकसुद्धा दरवेळी घबाड ठरत नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याची नक्षी बदलताना वर्ष मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला आले, आणि जुना पुढचा ठसा नव्या मागच्या ठशाशी जोडला गेला. दोन्ही बाजूंना वर्षच नसलेली नाणी चलनात गेली. रॉयल मिंटनेही ते मान्य केले. अशी नाणी दोन-अडीच लाखांपर्यंत असावीत, असा अंदाज आहे. आणि किंमत साधारण पन्नास पौंडांच्या आसपास राहिली आहे, हजारोंत नाही. २००८पूर्वीच्या प्रत्येक साध्या वीस पेन्सवर राणीच्या बाजूला वर्ष नसतेच. तरीही केवळ त्या बाजूचा फोटो टाकून 'बिनतारखेचे' नाणे विकायला ठेवले जाते. दुसऱ्या बाजूचा, कडेचा आणि वजनकाट्यावरचा फोटो मागितला की असा विक्रेता बहुधा उत्तर द्यायचे थांबतो.