साखर गोदामात, पालाश नदीत

साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. हे तिन्ही उसाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेले. म्हणजे साखरेचं पोतं गोदामातून बाहेर पडतं तेव्हा त्याच्यासोबत शेताच्या मातीतलं काहीही जात नाही. इथेनॉलचंही तेच. मग उसाने मुळांवाटे ओढलेलं नत्र, स्फुरद, पालाश, गंधक जातं कुठे? ते कारखान्याच्या मागच्या बाजूने निघतं, आणि त्याला आपण कचरा म्हणतो.

एक टन ऊस गव्हाणीत पडला की एक क्विंटलच्या आत-बाहेर साखर हाती येते. सोबत २८० ते ३०० किलो ओलं बगॅस, ३० ते ४० किलो प्रेसमड आणि ४० ते ४५ किलो मळी. बगॅसची काळजी करायचं कारण नाही. ते बॉयलरमध्ये जळतं, त्यावर कारखाना चालतो आणि वीजही विकली जाते. धुराड्याला राख पकडणारी यंत्रणा नीट नसेल, तर कारखान्याच्या आसपास वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसते, एवढाच त्याचा उपद्रव. प्रेसमड म्हणजे रस निवळताना चुन्याबरोबर खाली बसलेला गाळ. स्फुरद मुख्यतः त्यात अडकतं. खरी गोष्ट मळीची.

मळी डिस्टिलरीत जाते. तिच्यातली साखर यीस्ट खातं, अल्कोहोल उकळून वेगळं काढलं जातं आणि तळाशी राहतो तो स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर. गडद तपकिरी, आंबट, जळक्या गुळासारखा उग्र वास, आणि बाहेर पडतो तो जवळजवळ उकळता. वृत्तपत्रांत ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणून ज्याची बातमी येते ते बहुतेक वेळा हेच. त्याचा रंग जाता जात नाही, कारण साखर आणि अमिनो आम्लं तापून त्यात मेलॅनॉइडिन नावाची संयुगं तयार झालेली असतात. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तीच ही रसायनक्रिया. जिवाणूंना ही संयुगं सहजी पचत नाहीत. म्हणूनच, खोदलेल्या कच्च्या तळ्यातून स्पेंटवॉश झिरपला की आजूबाजूच्या विहिरींना चहाचा रंग येतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

मासे मात्र रंगाने मरत नाहीत. ते गुदमरतात. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, त्याला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. कच्च्या स्पेंटवॉशचा असतो ५० हजारांच्या घरात. आता हिशेब करू. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला, तर तो कुजवायला ५०० किलो ऑक्सिजन लागेल. नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एक टँकर साधारण ७ कोटी लिटर पाण्याचा श्वास संपवू शकतो. नदी हवेतून पुन्हा ऑक्सिजन घेते हे खरं, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी बंधाऱ्यात तुंबलेल्या पाण्याला ती सवड कुठून मिळणार? बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला माशांचा खच दिसतो तो त्यामुळे.

एवढं घातक असलेलं हे द्रावण विष मात्र नाही. त्यात शिसं, पारा यांसारखं काही बाहेरून घातलेलं नसतं. त्यात आहे तो ऊसच, फक्त शेकडो शेतांतला एका टाकीत आलेला. विशेषतः पालाश. लिटरमागे तो साधारण १० ग्रॅम धरला, तर रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी लहानशी डिस्टिलरी दिवसाला साडेतीन टनांच्या आसपास पालाश बाहेर टाकते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या भाषेत हे झालं सहा टन खत. आणि भारत पालाशयुक्त खतासाठी जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे! सातासमुद्रापलीकडून जहाजाने आणलेलं खत शेतात घालायचं आणि तेच कारखान्याच्या मागून ओढ्यात सोडायचं, हा व्यवहार कुठल्याही वाण्याला मान्य होणार नाही.

हे सुरक्षितपणे परत कसं द्यायचं, याचं तंत्र नवं नाही. पहिली पायरी बंद टाकीत, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची. ते बीओडी ८० ते ९० टक्के उतरवतात आणि बदल्यात बायोगॅस देतात. पण नव्वद टक्के उतरला तरी पाच हजार उरतो, आणि पालाशला तर धक्काही लागत नाही. दुसरी पायरी कंपोस्टची. प्रेसमडच्या लांबच लांब वळ्या घालायच्या, त्यांवर स्पेंटवॉश फवारायचा आणि यंत्राने खालवर करत राहायचं. वळीचा पोटभाग ६०-७० अंशांपर्यंत तापतो. सकाळच्या गारठ्यात यंत्र फिरलं की सगळ्या यार्डावर वाफेचा पडदा उभा राहतो. ती उष्णताच पाणी उडवते. दीडदोन महिन्यांत हाताला भुसभुशीत लागणारं काळं खत तयार होतं. आडकाठी पावसाची. मृगाची सर वळीवर पडली की पाणी उडायचं थांबतं आणि वाहायला लागतं. पावसाळ्यात कंपोस्ट बंद ठेवावं लागतं. डिस्टिलरी चालू आणि यार्ड बंद, अशी वेळ आली की तळी काठोकाठ भरतात. नद्यांना पहिला पूर येतो तो नेमका याच सुमारास, हे लक्षात घ्यायला हवं.

तिसरा मार्ग महागडा, पण हवामानावर न विसंबणारा. स्पेंटवॉश बाष्पीभवन यंत्रांत आटवून त्याचा काकवीसारखा दाट द्रव करायचा आणि खास बॉयलरमध्ये बगॅस किंवा कोळशाबरोबर जाळायचा. सेंद्रिय भाग जळून वाफ देतो, राखेत पालाश उरतो. गंमत अशी की हाच पालाश बॉयलरचा वैरी आहे. त्याच्यामुळे राख कमी तापमानाला वितळते, नळ्यांवर चिकटून कडक थर धरते आणि साफसफाईसाठी बॉयलर थांबवावा लागतो. आटवण्याला लागणारी वाफ आणि हे थांबे, दोन्हींचा खर्च कारखान्याच्या अंगावर. पण ती राख आता नुसती राख राहिलेली नाही. मळीपासून मिळवलेला पालाश म्हणून, १४.५ टक्के प्रमाणासह, केंद्राने २०२१ मध्ये तिला अनुदानित खतांच्या यादीत घेतलं. कचऱ्याला भाव आला की त्याची चोरटी विल्हेवाट कमी होते, असा माझा अंदाज आहे. प्रेसमडच्या बाबतीत तसं घडताना दिसतंय. त्यापासून दाबाखालचा बायोगॅस करता येतो हे कळल्यापासून तो फुकट उचलून न्या म्हणणारं कुणी राहिलेलं नाही.

हाच न्याय शेताला लावला तर शेतकऱ्यालाही उत्तर द्यावं लागेल. ऊसतोड झाली की हेक्टरी ८ ते १० टन पाचट मागे राहतं. खोडव्याला पाणी द्यायला अडचण, उंदरांचा त्रास, मजूर मिळत नाहीत, म्हणून काडी लावली जाते. जाळल्यावर पालाश निदान राखेत राहतो, पण नत्र धुरातून जातं आणि मातीला मिळणारा सेंद्रिय कर्ब अख्खा जातो. पाचट सहजी कुजत नाही, कारण त्यात कर्ब फार आणि नत्र नावापुरतं. जिवाणूंना दोन्ही लागतात. म्हणून पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायची शिफारस आहे. बुडखे मोकळे ठेवले तर फुटव्याला अडथळा होत नाही, आणि पाचटाच्या आच्छादनाखाली ओल टिकते ती वेगळीच.

कारखान्यांवरचा कायदा कागदावर कडक आहे. डिस्टिलऱ्यांनी नदीनाल्यांत काहीच सोडू नये, हे उद्दिष्ट उद्योगांच्या पर्यावरण जबाबदारीवरच्या २००३ च्या सनदेपासून लिहिलेलं आहे. देखरेखीसाठी मीटर आणि कॅमेरेही आले. पण माझ्या मते याहून साधी तपासणी शक्य आहे. डिस्टिलरीतून निघालेल्या अल्कोहोलवर उत्पादन शुल्क खात्याची नजर लिटरालिटराला असते, कारण त्यात सरकारचा महसूल आहे. त्या आकड्याला त्या डिस्टिलरीच्या दर लिटरमागच्या स्पेंटवॉशने गुणायचं आणि शेजारी बाष्पीभवन यंत्राच्या, कंपोस्ट यार्डाच्या, बॉयलरच्या नोंदी ठेवायच्या. दोन्ही बाजू जुळायला हव्यात. दोन खात्यांच्या दोन कपाटांतल्या या वह्या गळीत हंगामात दर महिन्याला एका टेबलावर उघडायला नवं यंत्र लागत नाही.